काळी पाचचा भोंगा

आमच्या बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी एक टुबा उभा आहे. जर्मन बनावटीचा, चार व्हॉल्व्हचा, पितळ अजून पिवळंधमक. त्याच्यात खोट म्हणाल तर काही नाही. तरी माझी मुलगी त्याला हात लावत नाही, कारण तो पांढरी एकचा आहे आणि तिला लागतो काळी पाचचा. ही गोष्ट मला पैसे मोजल्यानंतर कळली.

मिरजेत वाढलेल्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. सतारमेकर गल्लीतून मी शाळेत जायचो. तंबोरा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिथले कारागीर आधी पट्टी विचारायचे, मग पुढचं बोलणं. बाईमाणसाचा तंबोरा आटोपशीर आणि चढ्या पट्टीचा, पुरुषाचा थोराड आणि उतरत्या. घरी वडिलांची पेटी होती, त्यामुळे काळी एक, पांढरी चार हे शब्द पाढ्यांच्या आधी कानावर पडलेले. आणि तरीही ओहायोत, कोलंबसच्या एका उपनगरात, नववीतल्या मुलीसाठी टुबा घेताना मी पट्टी सोडून सगळं विचारलं. पोचे किती, व्हॉल्व्ह अडकतात का, टुबा ठेवायची पेटी सोबत मिळेल का.

सहावीपासून सांगतो. इकडच्या बहुतेक सरकारी शाळांत बँड हा चित्रकलेसारखा रीतसर विषय असतो. वेळापत्रकात तास असतो, गुण असतात आणि वाद्यं बरीचशी शाळेची. सहावीत मुलं वाद्य निवडतात. चाळीस मुलांना सॅक्सोफोन हवा असतो, तीस जणांना ढोल, आणि टुबाकडं कुणी बघत नाही. बँडच्या सरांनी आमच्या मुलीला विचारलं, ही हो म्हणाली. तिला अवजड वस्तूंची लहानपणापासून ओढ आहे. मिरजेला फोनवर सांगितलं तेव्हा माझी आई म्हणाली, “अगं बाई, वरातीतला तो भोंगा? पोरीला दुसरं काही मिळालं नाही का रे?” आईच्या समाधानासाठी मी तिला कॅरोल जान्चची गोष्ट सांगितली. ही मुलगी २००६ साली, अजून मिशिगन विद्यापीठात शिकत असताना, वयाच्या विसाव्या वर्षी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची मुख्य टुबावादक निवडली गेली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पगार देतात का?”

तर पट्टी. टुबा म्हणजे गुंडाळून मांडीवर मावेल अशी केलेली लांबलचक पितळी नळी. एका टोकाला ओठ थरथरवायचे, दुसऱ्या टोकातून सूर येतो. नळी जितकी लांब तितका सूर खाली. आज चार पट्ट्यांचे टुबा चालतात. बी फ्लॅटचा, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच, त्याची नळी सुमारे १८ फूट. सीचा, म्हणजे पांढरी एक, १६ फूट. ई फ्लॅटचा, काळी दोन, साडेतेरा फुटांच्या आसपास. आणि एफचा, पांढरी चार, १२ फूट. दुकानाच्या यादीत पहिल्या दोघांना डबल बी फ्लॅट आणि डबल सी म्हणतात. त्या डबलचा अर्थ सूर फार खालचा, एवढाच. गंमत अशी की टुबा जन्मला तो पांढरी चारमध्ये. १८३५ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्त हा लष्करी बँडचा प्रमुख आणि मोरित्स हा वाद्यं बनवणारा कारागीर, या दोघांनी पेटंट घेतलं ते एफ टुबाचं. खर्जातले मोठे भाऊ नंतर आले.

आता कुणीही म्हणेल, पट्टी बदलली तर बदलली, पेटीवाला नाही का स्केल चेंजरची पट्टी सरकवतो? मीही तेच म्हणालो. घोळ तिथंच आहे, म्हणून जरा थांबतो.

बासरीवाल्याच्या झोळीत दहा बासऱ्या असतात. गाणारा काळी दोनला गाणार असेल तर तो त्या पट्टीची बासरी काढतो आणि बोटं होती तशीच चालवतो. सा त्याच भोकांवर, रे त्याच भोकांवर. पाश्चात्त्य बँडमधले क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन याच घराण्यातले. त्यांच्या कागदावर स्वर आधीच सरकवून लिहिलेले असतात. कागदावर सी असतो, क्लॅरिनेटमधून निघतो बी फ्लॅट, आणि वाजवणाऱ्या पोराला त्याचं सोयरसुतक नसतं. टुबा या घराण्यातला नाही. अमेरिकन बँडमध्ये टुबाच्या कागदावर जो स्वर लिहिलेला असतो तोच कानावर आला पाहिजे. टुबा काळी पाचचा असो की पांढरी चारचा, कागद तोच. बदलायची ती बोटं, आणि तीही प्रत्येक स्वराची.

म्हणजे बी फ्लॅट हा स्वर बी फ्लॅटच्या टुबावर कुठलाही व्हॉल्व्ह न दाबता निघतो. तोच सीच्या टुबावर काढायला पहिला व्हॉल्व्ह दाबावा लागतो. अमेरिकेतल्या शाळांच्या बँडमध्ये सरावाची सुरुवात बहुधा बी फ्लॅटच्या सरगमीनं होते. काळी पाचवर पहिला स्वर मोकळा, पाचवा मोकळा, आठवा मोकळा. बोटं कुठं ठेवायची हे पोरांना झोपेतसुद्धा ठाऊक असतं. सीच्या टुबावर याच सरगमीतला ई फ्लॅट दुसरा आणि तिसरा व्हॉल्व्ह मिळून काढावा लागतो, जो एरवी एकट्या पहिल्या व्हॉल्व्हवर येतो. तीन वर्षांत बोटांत मुरलेली ही भाषा रातोरात टाकून दुसरी बोलायची.

ब्रिटनच्या ब्रास बँडांनी मात्र बासरीवाल्यांची वाट धरली आणि मला तो शहाणपणा वाटतो. तिथं कॉर्नेटपासून ई फ्लॅट बेस आणि बी फ्लॅट बेसपर्यंत जवळपास सगळ्यांचे कागद एकाच चिन्हात, सरकवून लिहिलेले. कॉर्नेट वाजवणाऱ्या मुलाला उद्या बेसवर बसवलं तरी बोटं तीच राहतात. पूर्ण बँडमध्ये दोन ई फ्लॅट आणि दोन बी फ्लॅट बेस असतात आणि पट्टी कुठली घ्यावी या प्रश्नावर कुणाच्या बापाची झोप उडत नाही. माझी उडाली, कारण मी ओहायोत होतो.

शाळेच्या बँडचा एक कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना एका पालकानं सांगितलं की व्यावसायिक वादक सी टुबा वाजवतात. हे खोटं नाही. अमेरिकन ऑर्केस्ट्रात सी टुबाचंच राज्य आहे. शिकागो सिंफनीत १९४४ ते १९८८ टुबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स यांचा यॉर्क कंपनीचा सी टुबा तर या जगात स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनसारखा पुजला जातो. त्याची नक्कल करायला आजही मोठमोठे कारखाने धडपडतात. मी ऐकलं, आणि मराठी मध्यमवर्गीय बापानं जे करायचं ते केलं. पुढं लागणारच आहे, मग आत्ताच चांगलं घेऊ. शेजारच्या राज्यात एका निवृत्त वादकाकडं जुना सी टुबा होता. पाच तास गाडी चालवून गेलो आणि घेऊन आलो. विकणारा सज्जन होता. मुलगी शाळेच्या बँडमध्ये आहे हे मी त्याला सांगितलंच नाही, त्यामुळे त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही.

घरी आल्यावर तिनं माउथपीस लावला, श्वास घेतला आणि रोजची सरगम सुरू केली. दोन स्वरांत थांबली. परत पहिल्यापासून. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “बाबा, हा खोटं बोलतोय.” फोनमधल्या ट्यूनरवर सी दिसत होता. ती सगळं बरोबर करत होती आणि प्रत्येक स्वर एक पूर्ण सूर चढा येत होता.

पोरगी जिद्दीची. तीन आठवडे तिनं नवी बोटं घोटली. पण तेव्हा शाळेत गुस्ताव होल्स्ट या संगीतकाराचा १९०९ मधला ई फ्लॅटमधला पहिला ‘स्वीट’ हा रचनासंच बसवत होते. त्याच्या पहिल्या भागाची सुरुवातच टुबा आणि त्याचा धाकटा भाऊ युफोनियम करतात. बाकी सगळा बँड गप्प, लपायला जागा नाही. तालमीत सरांनी हात वर केला, तिनं जुन्या सवयीनं पहिला व्हॉल्व्ह दाबला आणि ई फ्लॅटच्या जागी एफ दणकून वाजला. सर हसले, बँड हसला. ही घरी येऊन हसली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेचा जुना, पोचे पडलेला काळी पाच परत मागून घेतला.

नंतर मी एका टुबा शिकवणाऱ्या गृहस्थांना गाठलं. त्यांनी आधी टुबा वाजवून पाहिला, छान आहे म्हणाले. मग विचारलं, “ती शरद ऋतूत काय वाजवते?” प्रश्न कळायला मला क्षणभर लागला. शरदात इकडं फुटबॉल असतो आणि बँड मैदानावर कवायत करतो. मांडीवरचा टुबा तिथं चालत नाही. तिथं सूसाफोन लागतो. जॉन फिलिप सूसा या बँडप्रमुखाच्या सांगण्यावरून १८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपरनं पहिला बनवला, तो अंगाभोवती वेटोळं घालून डोक्यावर तोंड उघडणारा अजगर. आणि शाळांतला सूसाफोन जवळजवळ नेहमी बी फ्लॅटचाच असतो. म्हणजे सी टुबा घेतला की ऑगस्ट ते नोव्हेंबर एका तऱ्हेची बोटं, डिसेंबरपासून दुसऱ्या. मोठी मुलं हे करतातही. पण नववीतल्या मुलीनं ते का करावं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

त्यात आम्ही राहतो कोलंबसला. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड मैदानावर चालत चालत ‘ओहायो’ ही इंग्रजी अक्षरं लिहितो, १९३६ पासून, आणि शेवटी त्यातल्या आयवर टिंब द्यायला एक सूसाफोनवाला ऐटीत पुढं येतो. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सूसाफोनवाल्यालाच हा मान मिळतो. लाखभर माणसं उभी राहून ओरडतात. आमच्या कन्येच्या खोलीत त्या टिंबाचं चित्र आहे.

मग मोठे लोक सी का वाजवतात? उत्तर असं मिळतं की बँडचं संगीत फ्लॅटच्या पट्ट्यांत असतं, कारण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी फ्लॅटचे, आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनांचं राज्य, त्यांना शार्पच्या पट्ट्या सोयीच्या, आणि शार्पमध्ये सी टुबाची बोटं सोपी. मी इंजिनियर माणूस, विश्वास ठेवण्याआधी कागद घेऊन बसलो आणि दोन्ही टुबांची बोटं मांडून पाहिली. सी आणि जी मेजरमध्ये सी टुबा खरंच सुटसुटीत. बी फ्लॅट आणि ई फ्लॅटमध्ये काळी पाच सुटसुटीत. पण चार शार्पच्या ई मेजरला पोचलो तर दोघांचीही तारांबळ सारखीच. तेव्हा बोटांच्या सोयीचं कारण खरं आहे, पण सांगतात तेवढं मोठं नाही. बाकी बरीचशी परंपरा आहे. जर्मन ऑर्केस्ट्रात खालच्या सुरांना आजही बी फ्लॅटचाच टुबा घेतात, वरच्या सुरांना एफचा, आणि तिथल्या संगीताचं काही बिघडलेलं नाही.

दुसरा गैरसमज मी मिरजेहून सोबत आणलेला. तंबोऱ्यात पट्टी चढली की आकार लहान होतो, म्हणून मला वाटलं सीचा टुबा लहान आणि मुलीला झेपणारा. नळी दोन फुटांनी कमी असते, हे खरं. पण नळी किती जाड आणि तोंड किती रुंद हे पट्टी ठरवत नाही. टुबांचे आकार पाऊण, चार चतुर्थांश, पाच चतुर्थांश, सहा चतुर्थांश असे अपूर्णांकांत सांगतात, आणि हे अपूर्णांक प्रत्येक कंपनीचे आपापले. आमचा पांढरी एक शाळेच्या काळी पाचपेक्षा जाडजूड निघाला. शिकणाऱ्याच्या उंचीचा प्रश्न असेल तर पाऊण आकाराचा बी फ्लॅट मिळतो, आणि टुबा टेकवायला खुर्चीपुढं ठेवायचं स्टँडही मिळतं. पट्टी बदलून उंचीचा प्रश्न सुटत नाही.

पट्टीपेक्षा जास्त जपायची गोष्ट आहे चौथा व्हॉल्व्ह, आणि तिच्याबद्दल मला चहाच्या टेबलावर कुणी बोललं नव्हतं. पहिला व्हॉल्व्ह सूर एक स्वर उतरवतो, दुसरा अर्धा, तिसरा दीड. दाबला की नळीला तेवढा जादा तुकडा जोडला जातो. एकेकटे ते चोख काम करतात. दोन-तीन एकदम दाबले की फसगत होते. पहिला तुकडा १८ फुटांच्या हिशेबानं कापलेला, तिसराही १८ फुटांच्याच. पण तिसरा दाबल्यावर नळी मुळात लांब झालेली असते आणि पहिल्याचा तुकडा तिला पुरा पडत नाही. प्रत्येक तुकडा एकेकटा अचूक धरून मी गणित मांडलं. पहिला आणि तिसरा मिळून बी फ्लॅट टुबावर सुमारे पाच इंच नळी कमी पडते. तिन्ही मिळून सव्वानऊ इंच. सूर चढा लागतो, पोरं ओठ ढिले सोडून तो ओढून खाली आणतात, आणि पहिल्या-तिसऱ्यावरचा खर्जातला सी दर वेळी वेगळाच ऐकू येतो. चौथ्या व्हॉल्व्हमध्ये पहिल्या-तिसऱ्याची पूर्ण बेरीज एकाच तुकड्यात असते, म्हणून तो सूर जागच्या जागी लागतो. वर आणखी खालचे स्वरही उघडतात. तीन व्हॉल्व्हचा टुबा सहावी-सातवीत चालेल. नववीनंतर माझं मत विचाराल तर तीन व्हॉल्व्हच्या चकचकीत नव्या टुबापेक्षा चार व्हॉल्व्हचा पोचे पडलेला बरा.

ई फ्लॅटचा टुबा ब्रिटिश बँडमध्ये शोभतो आणि ब्रिटनच्या ऑर्केस्ट्रातही रुळला आहे. लहान चणीच्या मुलांना पूर्वी इकडंही तो देत. आज अमेरिकन शाळेत तो दिला तर मुलगा एकटाच निराळी बोटं शिकेल आणि दोन वर्षांनी सगळं पुन्हा शिकेल. एफचा तर एकल वादकाचा. व्हॉन विल्यम्सनं १९५४ मध्ये लंडन सिंफनीसाठी टुबाचा कॉन्चेर्टो लिहिला, तसल्या उंच भराऱ्यांना एफ टुबा हलका पडतो. शाळेच्या एकल स्पर्धेत मुलं काय वाजवतात? काळी पाचच. परीक्षक सूर, ताल आणि श्वास ऐकतात, टुबाची जन्मपत्रिका मागत नाहीत.

मग सी घ्यायचा कधी? त्या गृहस्थांनी सांगितलं ते मला पटलं. मुलगा संगीत हाच मुख्य विषय घेऊन कॉलेजात निघाला, तर पहिल्या वर्षी तिथले शिक्षक बहुधा त्याला सीवर आणतात. तेव्हा तेच वाद्य निवडायला मदत करतात, आणि प्रत्येकाची आवड निराळी असते. आधी घेऊन ठेवलेला टुबा त्यांना पसंत पडेलच असं नाही. बारावीत, प्रवेश पक्का झाल्यावर, खासगी शिक्षक हाताशी असताना सुरुवात केली तर चांगलंच. त्याआधी शाळेचा टुबा वापरावा आणि आपले पैसे माउथपीसवर आणि शिकवणीवर घालावेत. टुबाच्या मानानं माउथपीसला किरकोळ पैसे पडतात, आणि टुबाची पट्टी बदलली तरी तो बहुधा पुढं नेता येतो. मुलीनं हेलेबर्ग धर्तीचा घेतला आहे. सूसाच्या बँडमधल्या ऑगस्ट हेलेबर्ग या टुबावाल्याचं नाव त्याला आहे. ओठांना लागतो तो हाच सव्वा इंचाचा पेला, आणि आम्ही १६ फुटांकडं बघत बसलो होतो.

डिसेंबरात इकडं गावोगावी ‘टुबा ख्रिसमस’ भरतो. हार्वी फिलिप्स यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्लाझावर बर्फाच्या रिंगणात तो सुरू केला, आपले गुरू विल्यम बेल यांच्या आठवणीसाठी. बेल जन्मले होते २५ डिसेंबर १९०२ रोजी. दहा वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत कुणीही टुबा नाहीतर युफोनियम घेऊन यायचं आणि नाताळची गाणी वाजवायची. टुबांना झुरमुळ्या आणि दिव्यांच्या माळा लावलेल्या असतात. गेल्या वर्षी मुलीच्या एका बाजूला सीवाले आजोबा होते, दुसऱ्या बाजूला ई फ्लॅटवाल्या बाई. तिघांच्या पुढं सुरांचा कागद एकच, बोटं तीन तऱ्हेची. मी व्हिडिओ करून मिरजेला पाठवला. आईचं उत्तर आलं, “आवाज चांगला आहे रे भोंग्याचा. खर्ज आहे.”

मुलगी आता दहावीत आहे. संगीत घेऊन पुढं जायचं की नाही हे तिनं ठरवलेलं नाही, आणि मीही विचारत नाही. बेसमेंटमधला टुबा मात्र विकायचा आहे. चार रोटरी व्हॉल्व्ह, पेटी सोबत, पट्टी पांढरी एक. कोलंबसच्या आसपासच्या कुणा मराठी घरातलं मूल टुबा घेऊन संगीताच्या कॉलेजात निघालं असेल तर यावं, वाजवून पाहावं. मुलगा नववीतला असेल तर मी दाखवणारसुद्धा नाही.